साडेतीन मणांचा नवस

माधवगंजाच्या नाक्यावर तांगे उभे असत. आमचे अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की निम्म्या तांगेवाल्यांना एकदम कामं आठवत. कुणाला घोड्याला पाणी पाजायचं असे, कुणाचं चाक खिळखिळं झालेलं असे, कुणी चक्क तांग्याखाली शिरून झोपी जाई. एखादा नवखा सापडलाच तर तो अण्णांना मागे बसवायचा, आणि मग तांग्याच्या दांड्या वर जाऊन घोड्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटायची वेळ येई. जुने तांगेवाले त्यांना पुढे आपल्या शेजारी बसवत आणि मागे पासंग म्हणून मला. मी अण्णांच्या कचेरीत त्यांच्या हाताखाली कारकून होतो आणि त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू. त्यामुळे जाता-येता त्यांचं पासंग होणं हा माझ्या नोकरीचाच भाग झाला होता.

देशावरून नोकरीसाठी मी ग्वाल्हेर संस्थानात आलो तेव्हा अण्णा देवस्थान खात्यात तपासनीस होते. सरकारी देवळांना नैवेद्यासाठी तूप, साखर, रवा, तांदूळ सरकारातून मिळे. ते देवापर्यंत पोचतं की पुजाऱ्याच्या घरी, हे पाहणं त्यांचं काम. दुसरा एखादा तपासनीस कोठीतल्या बरण्या पाहून परत आला असता. अण्णा आधी पाट मांडायला सांगत. "खाल्ल्याशिवाय समजतं काय?" असं म्हणून ते नैवेद्याचं ताट पुढे ओढत आणि डोळे मिटून जेवत. जेवण झालं की निकाल सांगत, "साखर बरोबर आहे. तूप पाव हिश्शाने कमी." आणि ते तितकंच कमी असे. या बाबतीत त्यांची जीभ कधी चुकली नाही, एवढं मला मान्य करावं लागेल. एका दिवसात तीन-तीन देवळं तपासून ते घरी येत आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारत, "आज स्वयंपाक काय आहे?"

पोटाकडे कुणी पाहिलं की ते सांगत, "हे पोट नाही. ही सरकारची कामगिरी आहे."

घरातही कामगिरीत खंड नसे. सकाळी घरचे पोहे झाले की कोपऱ्यावरच्या हलवायाकडून डाळ भरलेली बेडई आणि जिलबी येई. दुपारी जेवणात तुपाची वाटी वेगळी. संध्याकाळी इमरती, थंडीत तिळाची गजक, आणि सणावारी पुरणपोळी. त्यांच्या वाडवडिलांनी इकडे येताना पुरणपोळी सोडली नाही आणि इथे आल्यावर कचोरीला नाही म्हटलं नाही. दोन्हीकडचा मान राखता राखता अण्णांचं हे असं झालं होतं. ते स्वतः मात्र खाण्याला कधीच दोष देत नसत. कधी म्हणत वात आहे, कधी म्हणत आमच्या घराण्यात हाडंच जड. आजोबा फौजेत होते आणि त्यांच्यासाठी खास घोडा निवडावा लागे, हे ते फार अभिमानाने सांगत. त्या घोड्याचं पुढे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दत्ताचं देऊळ होतं. तेही सरकारी. तिथल्या पुजारीबुवांना अण्णांनी एकदा भर आरतीला पकडलं. प्रसादाच्या शिऱ्याचे दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरून सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "बुवा, देवाच्या मापात कमी? हे माझ्याकडून सहन नाही होत." बुवांना देवापुढे नाक घासावं लागलं. नाक घासून ते उठले, हात जोडले आणि अण्णांकडे पाहून हसले. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

अण्णांच्या झोपेविषयी सांगायलाच हवं. ते कुठेही आणि केव्हाही झोपत. मला मजकूर सांगताना "तरी या पत्राद्वारे कळविण्यात येते की" इथपर्यंत येत आणि घोरू लागत. काय कळवायचं ते मीच लिहून टाकी. जाग आली की ते "हं, पुढे?" म्हणत आणि मी लिहिलेलं ऐकून "मी हेच म्हणणार होतो" असं म्हणत. खात्याचा अर्धा कारभार असा त्यांच्या झोपेत झाला आणि बराच बरा झाला.

पण घरी ही थट्टा नव्हती. अण्णांना आडवं पडवत नसे, जीव घुसमटे. पाठीशी लोड रचून ते बसल्या बसल्याच झोपत. त्यांच्या घोरण्याची गल्लीला सवय होती. भीती घोरण्याची नव्हती, ते थांबण्याची होती. घोरता घोरता त्यांचा श्वासच बंद पडे. काकू शेजारी भिंतीला टेकून बसलेल्या असत. त्या त्यांना खांद्याला धरून हलवत, मग मोठा आचका देऊन श्वास परत सुरू होई. असं पहाटेपर्यंत चाले. काकू दिवसा तांदूळ निवडता निवडता सुपावर डुलक्या घेत. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "काकू, तुम्ही झोपता तरी कधी?"

"झोपते न. हे कचेरीत जातात तेव्हा." मग सुपातला खडा वेचून म्हणाल्या, "पण तिथं यांना कोण हलवत असेल, हीच फिकर लागून राहते. झोप नाही येत मग."

त्या दिवसापासून कचेरीत अण्णांना हलवायचं काम बायकोने माझ्याकडे लावून दिलं. अण्णांना यातलं काही पटत नसे. "मी घोरतो? बिलकुल झूठ. मी तर सगळी रात्र जागाच असतो. हिला विचार पाहिजे तर."

काकू उठून स्वयंपाकघरात जात.

पुढे मोरीत मुंग्यांची रांग लागू लागली. अण्णा जिथे लघवीला बसत बरोबर तिथेच. जाणत्या माणसाला यात काय समजायचं ते समजतं. अण्णांनी मला मुद्दाम नेऊन ती रांग दाखवली आणि म्हणाले, "पाहिलंस? आमचं सगळंच गोड!" काकूंनी मात्र पदराला डोळे पुसले आणि मुरारच्या छावणीतून निवृत्त झालेल्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. डॉक्टर आपलेच, मराठी, पण फौजेत राहून बोलणं तुटक झालेलं. त्यांनी अण्णांची छाती ऐकली, सुजलेल्या पायांवर बोट दाबून पडलेला खड्डा पाहिला, गुडघे हलवून पाहिले. म्हणाले, "लघवीत साखर आहे. हृदय थकलंय. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. वजन उतरवा, निम्मी दुखणी वजनाबरोबर उतरतील."

"औषध काय देता?"

"हेच औषध. गोड बंद, तूप बंद, खाणं निम्मं. रोज चाला."

"हे काय औषध झालं? ही तर कैद झाली," अण्णा म्हणाले. ज्या डॉक्टरकडे बाटली नाही तो डॉक्टरच नव्हे, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

डॉक्टरांना त्यांचं नेमकं वजन हवं होतं, आणि दवाखान्यातला काटा अण्णांपुढे टिकेना. शेवटी मी त्यांना घेऊन नॅरोगेजच्या मालधक्क्यावर गेलो. तिथे पोत्यांच्या रांगेत आमचा नंबर लागला. अण्णा काट्यावर उभे राहिले. मालबाबूने मान वर न करताच विचारलं, "माल किसका है?"

अण्णा म्हणाले, "सरकारी."

"जाना कहाँ है?"

साडेतीन मण भरले. दुसऱ्या कुणी ही गोष्ट लपवली असती. अण्णांनी ती परतीच्या वाटेवर तांगेवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. त्यांच्या मते वजन म्हणजे रुतबा. महिनाभरात सगळ्या लश्कराला, म्हणजे आमच्या अख्ख्या शहराला, ठाऊक झालं की माधवगंजातले तपासनीस साडेतीन मण आहेत. हा फुशारकीचा आकडा पुढे त्यांच्या गळ्याशी येणार होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या दरबारासाठी त्यांनी नवे जोडे केले. जोडा उजव्या पायाला चावला. दुसऱ्याला ते लगेच कळलं असतं. पण अण्णांच्या पायांना मुंग्या येऊन येऊन आधीच बधिरपणा आला होता, आणि स्वतःचे पाय तर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेच नव्हते, मध्ये पोट होतं. जखम चिघळली, करंगळी काळी पडली. काकू पाय धुवायला बसल्या तेव्हा त्यांनी ती पाहिली. तोवर अंगात ताप भरला होता. डॉक्टर आले, पाहिलं, आणि काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "पाय काढावा लागेल असं दिसतंय. दोन दिवस वाट पाहतो. त्यांचं हृदय ते सोसेल का, हे मला सांगता येत नाही."

अण्णा तापात बरळत होते. बरळण्यातही ते देवळंच तपासत होते आणि कुठेतरी तूप कमीच होतं. काकू अनवाणी दत्ताच्या देवळात गेल्या. माझी बायको त्यांच्यासोबत होती. पुजारीबुवा गाभाऱ्यातच होते. काकूंनी त्यांच्यादेखत देवापुढे डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "यांचा पाय राहू दे, जीव राहू दे. यांची गुळाने तुला करीन. भारंभार गूळ वाटीन."

पाय राहिला. करंगळी तेवढी गेली.

अण्णा शुद्धीवर आल्यावर डॉक्टर त्यांच्याशी काही बोलले नाहीत, काकूंशीच बोलले. "पुढच्या खेपेला पायावर निभावणार नाही." एवढं ऐकलं आणि जन्मभर "वाढू का?" विचारणारी ती बाई पार बदलली. घरातली साखरेची बरणी आमच्याकडे वर आली. तुपाची वाटी ताटातून गेली. बाजरीची भाकरी, पालेभाजी, पातळ वरण, ताक, बस. काकू स्वतःही तेच खात, म्हणून अण्णांना तक्रार करायला तोंड नसे. एकदा त्या स्वतः कोपऱ्यावर जाऊन हलवायापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "भैया, इनको कुछ मत देना." हलवायाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अम्मा, आपका हुक्म," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने कढई लवकर उतरवली.

सकाळी मी त्यांना फिरायला नेई. सुरुवातीला ते ओट्याओट्याला बसत. "अरे बाबा, माझ्याकडून चाललं नाही जात. तू समजून नाही राहिला." मग एक ओटा गाळू लागले, मग दोन. श्रावण येईतो आम्ही फुलबागेपर्यंत जाऊन येत होतो आणि वाटेत ते मला खात्याच्या गोष्टी सांगत होते. चालता चालता बोलताना त्यांना दम लागत नाही, हे त्यांच्याआधी माझ्या ध्यानात आलं.

मणभर वजन उतरलं. मोरीतल्या मुंग्या निघून गेल्या. गुडघे कुरकुरत, पण काम करीत. तांगेवाले स्वतःहून "आइए साहब" म्हणू लागले आणि मला पुढे बसायला मिळालं. तोटा झाला तो मलाच. अण्णा एके दिवशी जिना चढून आमच्या बिऱ्हाडात आले. घर त्यांचं असून वरचा मजला त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. आम्ही भिंतीत ठोकलेले खिळे, बांधलेली दोरी, छताला लागलेली काजळी, सगळं त्यांनी अर्धा तास तपासलं आणि मला फैलावर घेतलं. अंग उतरल्याने माणसाची नजर इतकी लांब जाते हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी ते अंगणात उभे राहून खाली पाहत होते. मी जवळ गेलो. म्हणाले, "पाहा न, दिसतात." पायांबद्दल बोलत होते. मग उजव्या पायाकडे पाहत राहिले. करंगळी जाऊन दहा महिने होत आले होते, तिचं दुःख त्यांना त्या दिवशी झालं.

आणि ते आडवे झोपू लागले. श्वास अडकेना. काकूंना पहिले काही दिवस त्या शांततेचीच धास्ती वाटे. मग त्याही झोपू लागल्या. त्यांच्या डोळ्यांखालचा काळेपणा गेला तेव्हा माझ्या बायकोला कळलं की काकू दिसायला देखण्या आहेत.

गणपतीत पुजारीबुवा आले. हातात प्रसाद, तोंडावर तेच हसू. "साहेब, तब्येत छान झाली. देवाची कृपा. आता नवस केव्हा फेडायचा?"

"दत्तजयंतीला. धूमधडाक्यात," अण्णा म्हणाले.

"बहोत अच्छा. पण साहेब, एक शंका आहे. नवस बोलला गेला तेव्हा आपण साडेतीन मण होतात. सगळ्या लश्कराला मालूम आहे, आपणच सांगितलंत. आता आपण भराल अडीच. मणभर गूळ देवाचा कमी होऊन राहिला. माझं काय, मी तर लहान माणूस. देवाच्या मापात कमी करू नये, हे आपणच मला शिकवलंत."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिथेच होतो. बुवा गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, साडेतीन मण गूळ आणा आणि वाटून टाका. झालं!"

"वाटणं म्हणजे वाटप. नवस तुलेचा आहे. पारडी समोरासमोर यायला पाहिजे."

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मग पारड्यात शेजारी एक धोंडा ठेवा मणभराचा."

"देवाला दगड घालून फसवू?" अण्णा ताडकन म्हणाले. "उद्या मी कोणत्या पुजाऱ्याला तोंड दाखवू? माझी सगळी नोकरी गेली यात, डॉक्टर. तुम्ही समजत नाही."

काकू एवढंच म्हणाल्या, "देव मागत नाही हो. बुवा मागतात."

पण अण्णांनी ठरवलं होतं. दत्तजयंतीपर्यंत पूर्वीचा भार भरून काढायचा. देवाचं देणं बुडवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून बेडई आणि जिलबी आली. पहिली जिलबी तोंडात घालताना अण्णांचा चेहरा कर्तव्याने इतका गंभीर झाला होता की मला हसू आवरेना. त्यांचा प्रामाणिकपणा खरा होता, याबद्दल मला शंका नाही. त्यातला देव किती आणि जिलबी किती, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

गल्लीला तर पुण्य कमवायचा बाजारच गवसला. साहेब देवासाठी खात आहेत म्हटल्यावर घराघरातून ताटं येऊ लागली. कुणी रबडी पाठवी, कुणी घीवर, कुणी साटोऱ्या. साखरेची बरणी आमच्याकडून खाली गेली. देवळातून बुवा रोज प्रसादाचे लाडू पाठवत. ज्या लोकांनी तापात त्यांची चौकशी केली नव्हती ते आता दारावर थांबून विचारत, "साहेब, कितना हुआ?" फुलबागेचा रस्ता सुटला. आधी धाप परत आली, मग पायांवरची सूज, मग मोरीतल्या मुंग्या. दिवाळीच्या सुमाराला वरच्या मजल्यावर पुन्हा घोरणं ऐकू येऊ लागलं. ते मध्येच तुटे, आणि खाली भिंतीला टेकून बसलेल्या काकू आम्हांला न पाहताही दिसत. डॉक्टर एकदा आले, दारातूनच पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "रोज पाय बघत जा. बाकी माझं इथे काम नाही." मला अण्णांचा संताप आला. आपल्या बायकोचं हे काय चाललं आहे, ते या माणसाला दिसत कसं नव्हतं, हे मला आजही कळत नाही.

दत्तजयंतीला देवळापुढच्या अंगणात मंडीतला धान्याचा मोठा तराजू आणला होता. लाकडी तिकाटणं उभारून तो टांगला होता. एका पारड्यात साडेतीन मण गूळ, भेल्या एकावर एक रचलेल्या. गल्ली लोटली होती. अण्णा नवं धोतर नेसून, दोघांच्या आधाराने दुसऱ्या पारड्यात बसले. कपाळावर घाम, डिसेंबरच्या थंडीत. पारडं खाली आलं, हललं, आणि जमिनीपासून वीतभर वर थांबलं. गुळाचं पारडं अजून जडच होतं.

"थोडं कमी आहे, साहेब," बुवा हळूच म्हणाले.

लोक हळहळले. कुणीतरी ओरडलं, "अरे, खिलाओ साहब को!" हशा झाला, पण बुवांनी खरंच लाडवांचं ताट पुढे केलं. आणि अण्णांनी खरंच एक लाडू उचलला. तराजूत बसून, दोन्ही पाय अधांतरी, साडेतीन मणांच्या नवसासाठी ते लाडू खात होते. एक संपला, दुसरा घेतला. लोक पारड्याकडे पाहत होते, जणू ते आता खाली येईल. अण्णांना धाप लागली होती. घास गिळता येत नव्हता, तरी चावत होते.

काकू बायकांमधून पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला आणि अण्णांना म्हणाल्या, "सरका."

"अगं, काय करतेस?"

"सरका म्हणते न."

त्या पारड्यात चढल्या आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसल्या. पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि गुळाच्या भेल्या वर गेल्या.

बुवा चाचरत म्हणाले, "काकू, हे असं नाही चालत. नवस साहेबांच्या भाराचा आहे."

"नवस मी बोलले, बुवा. तुमच्यासमोर बोलले. दगड नाही चालत म्हणाले हे. मी काही दगड नाही." काकूंचा आवाज मी तितका मोठा कधी ऐकला नव्हता. "यांचा भार म्हणता, तो एकट्या यांच्याकडून कधी उचलला गेला? रात्री रात्री यांचा श्वास मोजत मी बसले. हे म्हणतात मी घोरतच नाही. बरोबर आहे, यांना कसं माहीत असणार, हे तर झोपलेले असतात. श्वास थांबला की जीव माझा जातो. मणभर कमी पडून राहिलं न? तो मण माझ्याजवळ आहे. मोजून घ्या."

अण्णा मान वळवायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना मागे पाहता येत नव्हतं. शेवटी सवयीने त्यांच्यातला तपासनीस बोलला. "पण आता तर आपलंच पारडं खाली गेलं. गूळ कमी पडेल."

"मग आणवा आणखी. गूळ मंडीत पाहिजे तेवढा मिळतो. तुम्ही कुठं मिळता?"

मग मान न वळवता काकू म्हणाल्या, "आणि तो लाडू खाली ठेवा."

अण्णांनी हातातल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं, मग बुवांकडे पाहिलं. लाडू ताटात ठेवला. "ठेवतो," ते म्हणाले, "तसंही यात तूप पाव हिश्शाने कमी आहे."

हशाने अंगण दुमदुमलं. बुवांचं हसू मात्र त्या दिवशी जे मावळलं ते पुन्हा कधी दिसलं नाही. मंडीतून आणखी गूळ आला, दोन्ही पारडी समोरासमोर आली, आणि सगळ्या माधवगंजाने तो खाल्ला. अण्णांनी त्यातला एक खडाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको साखरेची बरणी न्यायला खाली गेली. मीही मागोमाग गेलो. अण्णा उंबऱ्याशी पाटावर बसले होते, कचेरीत न जाता. आम्हांला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत काकू कुशीवर झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, भर दुपारी, रात्रीच्या जेवणाची भांडी तशीच टाकून.

"हळू," अण्णा कुजबुजले. "सकाळपासून झोपून राहिली आहे. मी पाहून राहिलो. श्वास बरोबर चालला आहे."